देवाचे भय आणि हाताचे फळ



ख्रिस्ती स्त्रीचे ईश्वरी शहाणपण हा विषय कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने का घ्यावा, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. मी ख्रिस्ती नाही. धर्मशास्त्राची पदवी तर दूरच, शाळेची पायरीही मी सातवीनंतर चढलो नाही. जे वाचले ते दिवसभराचे काम उरकल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या दिव्याखाली. परंतु दवाखान्यांतल्या आया, सफाईचे काम करणाऱ्या बाया, परिचारिका अशा ज्या भगिनींशी माझा कामानिमित्त संबंध आला, त्यांत ख्रिस्ती स्त्रिया पुष्कळ होत्या. त्यांच्या तोंडी याकोब, रूथ, शलमोन ही नावे सहज येत. ज्या पुस्तकावर ही माणसे आपले आयुष्य तोलतात ते आपण वाचलेले नसावे हे मला बरे वाटेना, म्हणून मी ते वाचू लागलो. त्या वाचनातून जे हाती लागले तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

शहाणी बाई कोणाला म्हणावे, याविषयी आपल्या समाजात एक ठरीव समजूत आहे. जी सोसते, उलटून बोलत नाही, सर्वांच्या मागून जेवते, ती शहाणी. ही समजूत काही एका धर्माची नाही; हिंदू घरात आहे, मुसलमान घरात आहे, ख्रिस्ती घरातही आहे. कामगारालाही हाच उपदेश केला जातो. शहाणा कामगार तो, जो मिळेल त्यात समाधान मानतो. आणि दोन्ही ठिकाणी देवाचे नाव साक्षीला आणले जाते. माझे म्हणणे एवढेच आहे की, बायबलपुरते बोलायचे तर ही साक्ष अर्धवट वाचलेली आहे. पुरी वाचली म्हणजे तिचा अर्थ निराळा निघतो.

शब्दाचा अर्थ

बायबलच्या जुन्या करारात 'नीतिसूत्रे' नावाचा एकतीस अध्यायांचा ग्रंथ आहे. शहाणपण हाच त्याचा विषय. मूळ हिब्रू भाषेतील शब्द आहे 'होख्मा'. मराठीत त्याचे भाषांतर बहुधा 'ज्ञान' असे करतात, आणि ज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोथी, ध्यान, एकांत असे काहीतरी उभे राहते. होख्मा मात्र एवढ्यावर थांबत नाही. 'निर्गम' या पुस्तकात मंडपाचे काम करणारा बसालेल नावाचा कारागीर आहे. सोने, चांदी, लाकूड, दगड यांवर चालणारा त्याचा हात ही देवाने दिलेली होख्मा होय, असे तेथे सांगितले आहे. त्याच कामासाठी ज्या स्त्रियांनी सूत कातले, शेळीच्या केसांचे धागे काढले, त्यांच्या अंगच्या कसबालाही तोच शब्द लावला आहे. म्हणजे राजा शलमोनाने दिलेला न्याय आणि कातणाऱ्या बाईच्या बोटांतले कसब, दोहोंना एकच नाव! ज्याने हा शब्द घडविला त्या समाजाने हाताच्या कामाला बुद्धीच्या ओसरीवर बसविले नव्हते; घरात घेतले होते.

दुसरी गोष्ट अशी की, या ग्रंथात शहाणपणाला स्त्रीचे रूप दिले आहे, आणि ही स्त्री माजघरात बसलेली नाही. ती रस्त्यात, चवाठ्यावर, शहराच्या वेशीत उभी राहून मोठ्याने हाका मारते. त्या काळी वेस म्हणजे नुसते दार नव्हे. पंच तेथे बसत, तंटे तेथे तुटत, जमिनीचे व्यवहार तेथे होत. आपल्याकडील चावडी आणि बाजारपेठ एके ठिकाणी आणल्यासारखे ते स्थान होते. अशा जागी जी तोंड उघडते तिला या ग्रंथाने शहाणपणाची मूर्ती मानले आहे.

तिसरी गोष्ट 'देवाचे भय' या शब्दांची. शहाणपणाची सुरुवात देवाचे भय बाळगण्यापासून होते, असे हा ग्रंथ पुन्हापुन्हा सांगतो. या शब्दांनी पुष्कळ घोटाळा केला आहे. भय म्हणजे थरथरणे, असे समजून बाईला आणि मजुराला थरथरायला शिकविले गेले. परंतु 'निर्गम' पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात या भयाचा अर्थ एका गोष्टीतून उलगडला आहे. मिसर देशाच्या राजाने शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींना हुकूम केला की, इब्री बायकांना मुलगा झाला तर त्याला मारून टाका. त्या देवाला भीत होत्या, म्हणून त्यांनी राजाचे ऐकले नाही. किती साधा अर्थ! शेवटचा हिशेब ज्याला द्यायचा तो एकच आहे हे ज्याने ओळखले, तो मधल्या हिशेबनिसांना भीत नाही. देवाचे भय म्हणजे माणसाच्या भयातून सुटका. आणि हे प्रथम कोणाला कळले? राजवाड्यातल्या पंडितांना नव्हे. बाळंतपणे करून पोट भरणाऱ्या दोन बायांना.

एकतिसावा अध्याय

आता त्या प्रसिद्ध अध्यायाकडे वळतो. नीतिसूत्रांच्या शेवटी सद्गुणी स्त्रीचे वर्णन करणारे बावीस श्लोक आहेत. हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांनी ते क्रमाने सुरू होतात. आपल्याकडे लहान मुलांना मुळाक्षरे शिकविताना ओळी जुळवितात, तशी ही रचना. पाठ व्हावी म्हणून केलेली. अनेक ख्रिस्ती घरांत हा अध्याय मुलींना आदर्श म्हणून वाचून दाखवितात.

ही बाई करते काय ते पाहा. ती लोकर आणि ताग आणते, चाती धरते. शेत पारखून विकत घेते आणि आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते. आपला माल बरा आहे हे तिला कळते. रात्री तिचा दिवा विझत नाही. कापड आणि कमरपट्टे करून व्यापाऱ्यांना देते. घरच्यांना थंडीची वस्त्रे पुरविते आणि गरिबाकडे हात पुढे करते. बोलते तेव्हा शहाणपणाचे बोलते. रूपाचे मात्र या वर्णनात कौतुक नाही. उलट सौंदर्य व्यर्थ आहे असेच बजावले आहे. 'सद्गुणी' म्हणून आपण ज्याचे भाषांतर करतो त्या 'हायिल' शब्दाचा अर्थ बळ, पराक्रम असा आहे. लढवय्या पुरुषांनाही तोच शब्द लावतात.

उपदेशक बहुधा येथे थांबतात आणि म्हणतात, "बायांनो, अशा राबा." पण या अध्यायाची सुरुवात आणि शेवट, दोन्ही वाचली पाहिजेत. सुरुवातीला एक आई बोलते. लमुएल राजाची ही आई आपल्या मुलाला सांगते की, राजाने मद्यापासून दूर राहावे, नाहीतर गरिबाचा न्याय विपरीत होईल; आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तोंड उघडावे. म्हणजे राज्य कसे करावे हे येथे एक स्त्री राजाला शिकवीत आहे. आणि शेवटच्या श्लोकात एक मागणी आहे. या बाईच्या हातांचे फळ तिला द्या, आणि वेशीत तिच्या कामांची वाहवा होऊ द्या, अशा आशयाची ती आहे. मी आयुष्यभर मागण्यांचे मसुदे केले. मजुरी आणि मान या दोन गोष्टी इतक्या थोड्या शब्दांत मांडलेल्या मी पाहिल्या नाहीत. वर्णनातल्या कामाची यादी बाईला ऐकवायची आणि त्याखालची मागणी गाळायची, हा हजेरीपट वाचून दाखवून पगारपत्रक लपविण्याचा प्रकार झाला.

'हायिल' या शब्दाची आणखी एक गंमत आहे. बायबलात एकाच स्त्रीला नाव घेऊन हे विशेषण लावले आहे, आणि ती आहे रूथ. रूथ कोण? परक्या मवाबी मुलखातली, विधवा, सासूला घेऊन बेथलेहेमात आलेली, आणि कापणी करणाऱ्यांच्या मागून सरवा वेचून दोघींचे पोट भरणारी. शेताच्या कडा कापू नयेत, पडलेली कणसे गरिबाला आणि परक्याला ठेवावीत, असा त्या लोकांचा कायदा होता. म्हणजे सरवा ही भीक नव्हे, हक्क होता. हा हक्क ओळखणारी, कष्टाला न लाजणारी आणि सासूला न टाकणारी मजूर बाई, तिला हा पराक्रमाचा शब्द मिळाला.

ख्रिस्ताच्या शिष्यांच्या काळात आलो तरी चित्र हेच दिसते. फिलिप्पै शहरातली लुदिया जांभळ्या रंगाचा महाग माल विकणारी व्यापारी स्त्री होती. तिने पौल आणि त्याच्या सोबत्यांना आपल्या घरी उतरविले. प्रिस्किल्ला नवऱ्यासह तंबू शिवण्याचा धंदा करी, आणि अपुल्लोस नावाच्या विद्वान वक्त्याला त्या दोघांनी धर्म अधिक नीट समजावून दिला. स्त्रियांनी सभेत गप्प राहावे अशी वचनेही याच नव्या करारात आहेत. ती मी लपवीत नाही. त्यांचा अर्थ काय लावावा यावर ख्रिस्ती पंथांत आजही एकमत नाही. परंतु ती वचने वाचणाऱ्याने प्रिस्किल्लेचेही नाव वाचले पाहिजे.

याकोबाच्या पत्रात वरून येणाऱ्या शहाणपणाची लक्षणे सांगितली आहेत. ते शुद्ध असते, शांतीप्रिय असते, सौम्य आणि दयाळू असते, पक्षपात करीत नाही, ढोंग करीत नाही. "पाहा, शहाणपण म्हणजे सौम्यपणा," असे म्हणून हा भाग बायांना ऐकविला जातो. पण दोनच अध्याय पुढे जा. तोच याकोब श्रीमंतांना सांगतो की, तुमची शेते कापणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवलीत ती ओरडत आहे आणि कापणाऱ्यांचे ओरडणे देवाच्या कानी गेले आहे. सौम्यपणा आणि अडकलेल्या मजुरीचा जाब, दोन्ही एकाच पत्रात आहेत. एक घेऊन दुसरे टाकता येत नाही.

पंडिता रमाबाई

आता कोणी म्हणेल की, हे पोथीतले झाले. असे कोणी जगले काय? त्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. पुण्याच्या पूर्वेला दौंड तालुक्यात केडगाव आहे. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला आणि मुलीलाही संस्कृत शिकविले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी हिंडत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या, आणि तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. १८८० मध्ये लग्न, १८८२ मध्ये वैधव्य, कडेवर मुलगी मनोरमा. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात असे सांगितले. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे विचार करणे सोडले, असे त्यांनी मानले नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर चर्चच्या वरिष्ठांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी स्पष्ट नापसंती कळविली. क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत असे सांगण्यात आले, तेव्हा लॅटिन संस्कृतहून पवित्र कशी, असा त्यांचा सवाल होता. एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून काढले ते दुसऱ्याचे घालण्यासाठी नव्हे, ही त्यांची भूमिका त्यांच्या पत्रांतून दिसते. ज्यांनी आश्रय दिला त्यांनाच हे सांगणे सोपे नसते. शिप्रा आणि पुवा यांचे देवाचे भय ते हेच.

१८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. याच पुढे आनंदीबाई कर्वे. त्याच वर्षी सदनावर वादळ आले. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात यावरून न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर आदी मंडळी सल्लागार समितीतून बाहेर पडली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्मात ढवळाढवळ होणार नाही या भरवशावर मुली पाठविल्या होत्या, असे पालकांचे म्हणणे. ते पोरकट नव्हते. मी प्रार्थना दार लावून करणार नाही, कोणाला बोलावणारही नाही आणि आलेलीला हाकलणारही नाही, असे रमाबाईंचे म्हणणे. या वादात कोणीही कोणताही पक्ष घ्यावा. पण मदतनीस सोडून गेले तरी शाळा बंद पडली नाही, हे विसरू नये.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली आणि विधवा आणल्या. ज्या दुष्काळाने त्यांना पोरके केले होते त्याचे तोंड त्यांना ओळखीचे होते. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, शेती केली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांचे दोन वेळचे जेवण! हे नुसत्या भजनाने होत नाही. तेथे हातमाग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता, आणि ही कामे बाया करीत. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकविली. टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन वेगळे होते. उपकाराची भाकर घेणारीला त्यांनी कसब दिले, म्हणजे होख्मा दिली.

आणखी दोन गोष्टी सांगतो. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांचे जे हाल झाले, त्यांबद्दल रमाबाईंनी वृत्तपत्रातून सरकारला जाब विचारला. राज्यकर्त्यांचा धर्म आणि त्यांचा धर्म एकच होता; तरी त्यांची लेखणी अडखळली नाही. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते खेड्यातल्या बाईला कळावे हा हेतू, आणि खिळे जुळविणाऱ्याही मुक्तीतल्याच बाया. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. त्याआधी हे काम त्यांनी पुरे केले होते.

उसने न घेतलेले शहाणपण

रमाबाई विदुषी होत्या. सामान्य बाईला हे कसे जमावे, अशी शंका येईल. म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घेतो. 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. १८९५ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यामागे ख्रिस्ती झाल्या नाहीत. ताटातूट सोसली, स्वतःशी वाद घातला, जातीचा सोवळेपणा स्वतःच्या विचाराने गळून पडू दिला, आणि १९०० मध्ये, स्वतःला पटले तेव्हा, बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा देव उसना घ्यायचा नाही, आपला आपण शोधायचा, हे त्यांचे शहाणपण. शाळेचे शिक्षण नसलेल्या या बाईंनी पतीच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' चौसष्ट अध्याय लिहून पुरे केले.

आणि ज्यांचे नाव कोणत्याही पुस्तकात येणार नाही अशाही असतात. एका दवाखान्यात ठेकेदाराकडे सफाईचे काम करणाऱ्या बायांकडून हातात पडत असे त्याहून मोठ्या रकमेवर सही घेत. त्यांच्यातली एक ख्रिस्ती बाई दर महिन्याला मिळालेले पैसे घरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवी. सात महिन्यांचे आकडे जमल्यावर ती आमच्याकडे आली. म्हाताऱ्या दोघी आधी कायम होऊ द्या, मग बोला, नाहीतर त्यांच्या पोटावर पाय येईल, असे तिने आम्हालाच बजावले. त्या दोघी कायम झाल्या, आणि पुढच्या पगाराच्या दिवशी ती म्हणाली, "साहेब, मला न मिळालेल्या पैशावर मी सही करणार नाही. ती खोटी साक्ष होते." आवाज चढविला नाही, शिवी दिली नाही. तिच्यामागे आणखी अकरा जणींनी सही नाकारली, आणि राहिलेला फरक दोन हप्त्यांत मिळाला. याकोबाने सांगितलेला सौम्यपणा आणि त्यानेच मागितलेला जाब, दोन्ही मला त्या दिवशी एका टेबलापाशी दिसले. कॅलेंडरवरचे आकडे हे तिचे कसब. खोटी साक्ष नको हे देवाचे भय. आणि म्हाताऱ्या दोघींची आठवण ही दया. या तिन्हींचे मिळून ईश्वरी शहाणपण होते. कसब नसेल तर नुसती भक्ती फसविली जाते. भय नसेल तर कसब विकले जाते. आणि दया नसेल तर दोन्ही कोरडी राहतात.

हे सांगण्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही. पण ज्या भगिनी ख्रिस्ती आहेत त्यांना मी म्हणेन की, तुमच्या हाती हे पुस्तक आहे तर ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि जे पुरुष घरात हा एकतिसावा अध्याय वाचून दाखवितात, मग ते वडील असोत, पती असोत की पाळक, त्यांना माझी विनंती आहे की, शेवटचा श्लोक गाळू नका. घराची जागा, शेताचा सातबारा, बँकेचे पुस्तक, यांवर त्या बाईचे नाव आहे काय ते पाहा. मंडळीच्या बैठकीत तिला मत आहे काय ते पाहा. तिच्या हातांचे फळ तिच्या हाती पडले आणि चार माणसांत तिच्या कामाचे नाव निघाले, म्हणजे तो अध्याय वाचून पुरा झाला असे समजावे.